फिकट लाकडाला घरचा रंग: हिरडा, लोखंड, जवस आणि लाख

बाभळीच्या किंवा सागाच्या फळीत ठोकलेला लोखंडी खिळा एखादा पावसाळा भिजला, की त्याच्याभोवती निळसर काळा डाग पडतो आणि रंध्याने दोन-चार साली काढल्या तरी तो पुरता जात नाही. बैलगाडीच्या चाकावर जिथे लोखंडी धाव बसते, तिथले लाकूडही असेच काळवंडलेले असते. पुष्कळांना हा गंज वाटतो. पण गंजाचा रंग तांबूस असतो आणि तो वरवर बसतो, हा डाग मात्र लाकडाच्या आत तयार झालेला असतो. हिरडा किंवा बाभळीची साल चघळताना जीभ आखडते, ती त्यांतल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्यांमुळे. ही द्रव्ये सालीप्रमाणेच पुष्कळ लाकडांतही कमी-अधिक असतात. ओल्या लोखंडाचा अंश त्यांच्यापर्यंत पोहोचला आणि हवा लागली, की दोघांचे मिळून एक काळे संयुग बनते. हाच डाग मुद्दाम आणि हव्या तेवढ्या गडदपणाने सगळ्या फळीवर सारखा पाडता आला, तर त्याला रंग म्हणायचे. घरी करता येण्याजोग्या रंगांमध्ये माझ्या मते हा सर्वांत भरवशाचा आहे.

असा रंग देण्याची गरज मुख्यतः फिकट लाकडाला पडते. इंग्रजीत लिहिल्या-बोलल्या जाणाऱ्या बहुतेक घरगुती कृतींमध्ये हे फिकट लाकूड मेपल असते. मेपल हा थंड प्रदेशातला वृक्ष. त्याच्या काही जाती आपल्या हिमालयात आहेत, पण बाजारात नावाजलेले कठीण मेपल ईशान्य अमेरिका आणि कॅनडाकडून येते. ते पांढरट, घट्ट आणि बारीक पोताचे असते. व्हायोलिनची पाठ परंपरेने मेपलचीच करतात आणि बोलिंगच्या खेळाच्या धावपट्ट्यांनाही मेपल वापरत आले आहेत. विदर्भातल्या गावात मेपल हाती येण्याचा संभव थोडाच, आणि आले तरी ते महाग पडणार. परंतु बारीक पोताचे फिकट लाकूड आपल्याकडेही आहे. हळदू, ज्याला कुणी हेदू म्हणतात, ते पिवळसर आणि इतक्या बारीक पोताचे असते की त्याच्या पूर्वी फण्या करीत. शिवणीचे लाकूड फिकट, हलके आणि सहसा न वाकणारे म्हणून सुताराच्या आवडीचे. तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे विदर्भातल्या मुलांच्या पोळ्याचा, लाकडी बैल, देव्हारा, पाट, चौरंग अशा वस्तू या लाकडांत केल्या, की पुढे रंगाचा प्रश्न येतोच. गडचिरोलीतल्या आलापल्लीचे नामांकित सागवान ज्याच्याकडे आहे त्याने मात्र रंगाच्या वाटेला न जाता तेल लावून थांबावे.

फिकट आणि बारीक पोताचे लाकूड रंगवणे अवघड का जाते, हे समजायला रंगाचे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. गेरू, काजळी, पिवळी माती यांचे कण पाण्यात किंवा तेलात विरघळत नाहीत, नुसते तरंगतात. लाकडाच्या छिद्रांत आणि ओरखड्यांत ते अडकून बसतात. सागाला उघड्या डोळ्यांना दिसतील एवढी मोठी छिद्रे असतात, त्यामुळे गेरू त्यांत जाऊन बसतो आणि लाकडाच्या रेषा उठून दिसतात. मेपलची किंवा हळदूची छिद्रे इतकी बारीक असतात की कणांना बसायला जागाच मिळत नाही. एक तर ते पुसून निघतात, नाहीतर वर मळकट साय धरतात. दुसरा प्रकार विरघळणाऱ्या रंगांचा. चहा, कात, लाखेच्या काड्या धुताना निघणारे लाल पाणी हे पाण्याबरोबर तंतूंच्या आत शिरतात आणि लाकूड पारदर्शकपणे रंगवतात. त्यातही एक अडचण उरते. जिथे रेषा वळलेल्या किंवा वर आलेल्या असतात तिथले लाकूड जास्त पाणी पिते, आणि फळीवर ढग उमटल्याप्रमाणे गडद-फिकट चट्टे पडतात. मेपल या चट्ट्यांसाठी बदनाम आहे. फळीचे आडवे कापलेले तोंड तर सर्वांत जास्त पिते आणि जवळजवळ नेहमीच गडद होते.

लोखंड आणि टॅनिनचा रंग या दोन्ही प्रकारांत पूर्णपणे बसत नाही, कारण तो बाहेरून आणून लावलेला नसून लाकडातच घडवलेला असतो. त्यासाठी लोखंड विरघळलेल्या रूपात हवे. साध्या पांढऱ्या व्हिनेगरात सुमारे चार ते पाच टक्के ॲसिटिक आम्ल असते आणि ते लोखंडाला हळूहळू विरघळवते. अर्धा लिटर व्हिनेगरात मूठभर लोखंडी कीस टाकावा. तो लोहाराकडे किंवा वेल्डिंगच्या दुकानात सहज मिळतो. भांडी घासायची चकचकीत तारेची घासणी बहुधा स्टेनलेस स्टीलची असते, ती या कामी येत नाही. जस्ताचा मुलामा दिलेले खिळेही नकोत. किसाला तेल लागलेले असेल तर आधी साबणाने धुऊन काढावे. भांडे काचेचे किंवा प्लास्टिकचे असावे आणि झाकण घट्ट लावू नये, कारण या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो. तो कोंडला तर बाटली फुटेल आणि जवळ विस्तव असेल तर पेट घेईल. चार दिवस ते आठवडाभरात पाणी राखाडी किंवा हिरवट दिसू लागते, मग ते दाट फडक्यातून गाळून घ्यावे. बरेच दिवस ठेवले तर त्यात तांबूस गाळ धरतो आणि त्याचा जोर कमी होतो, म्हणून लागेल तेवढेच करावे.

हे पाणी बाभळीच्या तुकड्यावर लावले तर पाहता पाहता तो काळा पडतो. मेपलवर लावले तर करडी छटा येऊन थांबते, कारण मेपलमध्ये टॅनिन फारच थोडे. म्हणजे लाकडात जे नाही ते आपण आधी भरायचे, आणि इथे विदर्भातल्या माणसाची सोय आहे. हिरडा गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या जंगलांतून येतो आणि कुठल्याही काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. टॅनिनसाठी त्याच्या तोडीचे फळ आपल्याकडे क्वचित. चामडे कमावायला आणि कापडावर रंग पक्का करायला तो पूर्वापार वापरात आहे. पन्नास ग्रॅम हिरड्याची भरड एक लिटर पाण्यात अर्धा तास उकळावी, तीही स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, लोखंडी कढईत मुळीच नाही. आवळा लोखंडी कढईत शिजवला की काळा होतो, त्यामागे हेच कारण आहे आणि केस काळे करण्याच्या घरगुती लेपातही हीच युक्ती वापरलेली असते. बाभळीची साल फुकट मिळत असेल तर तीही चालते, पण तिच्यामुळे लाकडाला आधीच तांबूस झाक येते.

हिरड्याचे गाळलेले पाणी फळीवर भरपूर लावून पूर्ण वाळू द्यावे आणि मग वरून लोखंडाचे पाणी लावावे. पहिल्या क्षणी फारसे काही दिसत नाही. थोड्या वेळात करडा रंग चढतो, मग तो निळसर होतो आणि तासाभरात काळा दिसू लागतो, कारण आत शिरलेल्या संयुगाला हवेतला प्राणवायू मिळाल्यावरच त्याचा खरा रंग उघडतो. म्हणून घाई करून लगेच दुसरा हात मारू नये. रंग कमी वाटला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा हिरड्याचे पाणी लावावे. दोन्ही पाणी एकाच भांड्यात मिसळून लावण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास काळा साका भांड्यातच तयार होतो, तो लाकडात शिरत नाही आणि वाळल्यावर हाताला लागतो. दोन्हींसाठी फडकीसुद्धा वेगळी ठेवावीत. लोखंडाचा एक थेंब पडला तरी हिरड्याचे सगळे भांडे काळे होते. वाळलेली फळी निर्जीव, राखेच्या रंगाची दिसते, त्यावरून काम फसले असे समजू नये. तेल लागताच तीच फळी खोल काळी होते. अर्थात रंगाचा अंदाज नेहमी तेल लावलेल्या नमुन्यावरूनच घ्यावा. लोखंडाचे पाणी पातळ केले तर काळ्याऐवजी रुपेरी करडा रंग येतो, आणि मेपलवर तो काळ्यापेक्षा अधिक शोभतो.

तपकिरी रंगासाठी कात उत्तम. खैराच्या गाभ्यापासून होणारा, पानटपरीवरचाच तो कात. गरम पाण्यात विरघळवून लावला तर लाकूड पिंगट होते आणि वाळल्यावर वरून चुन्याची निवळी किंवा धुण्याच्या सोड्याचे पातळ पाणी फिरवले तर रंग तांबूस होऊन खोल जातो. चहाच्या दाट काढ्याने मात्र फार फिकी छटा येते. त्याचा खरा उपयोग हिरडा नसेल तेव्हा टॅनिन भरण्यापुरता. विहिरीत टाकायचे पोटॅशियम परमँगनेट हे याहून वेगळे प्रकरण आहे. त्याचे जांभळे पाणी लाकडावर लावले की लाकूडच त्याच्याशी क्रिया करते आणि जांभळ्याचा तपकिरी रंग होतो, कारण मँगनीज डायऑक्साइड तंतूंत जमा होते. लिटरभर पाण्याला दहा ग्रॅम पुरे होतात. हातमोजे घालावेत, आणि त्याचे कोरडे खडे ग्लिसरीन, साखर किंवा लाकडाच्या भुश्याजवळ ठेवू नयेत, कारण ते आग लावू शकतात. अमेरिकेतल्या जुन्या बंदुकांचे मेपलचे दस्ते नायट्रिक आम्लात लोखंड विरघळवून आणि वर आच देऊन रंगवीत असत. तो रंग देखणा असतो, पण घरी करण्याचे ते काम नाही.

हळद, पळसाची फुले आणि बीट यांच्या कृती फार पसरलेल्या आहेत आणि पहिल्या दिवशी त्या सुंदरही दिसतात. हळदीचा रंग उन्हात काही दिवसांतच उडतो. पळसाचा केशरी रंग त्याहून थोडा टिकतो इतकेच. रंगपंचमीला एका दिवसापुरते ते ठीक आहे, देव्हाऱ्याला नाही. बिब्ब्याच्या रसाचा काळा डाग कपड्यावरून जात नाही म्हणून तो लाकडालाही लावावा, अशी सूचना एखादा जुना जाणता करतो. तो काळा डाग खरा, पण बिब्ब्याचे तेल कातडीला लागले की फोड उठतात, आणि ज्या वस्तूला माणसाचा रोज हात लागणार तिला ते लावणे मला मुळीच पटत नाही.

रंगाचे यश बरेचसे आधीच्या घासण्यावर ठरते. रंध्याचे किंवा करवतीचे खवले राहिले असतील तर पाण्याचा रंग नेमका तिथेच जास्त बसतो. पॉलिश पेपर ऐंशी नंबरपासून सुरू करून एकशे वीस आणि मग एकशे ऐंशीपर्यंत जावे, नेहमी रेषेच्या दिशेने. त्यापुढे मेपल घासत राहिले तर पृष्ठभाग इतका गुळगुळीत होतो की रंग शिरेनासा होतो. मग फळी ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावी. पाण्याने तंतू उभे राहतात, ते जुन्या पेपरने हलकेच कापून टाकावेत, म्हणजे रंगाचे पाणी लागल्यावर ते पुन्हा तेवढे उठत नाहीत. कात किंवा चहा लावायचा असेल आणि चट्ट्यांची भीती असेल तर आधी सरसाचे अगदी पातळ पाणी सगळीकडे फिरवावे. जास्त पिणाऱ्या जागांची तहान त्यात भागते आणि रंग पुष्कळ सारखा बसतो. आडव्या तोंडावर सरस जरा दाट चालेल. हिरडा आणि लोखंडासाठी मात्र सरस लावू नये, तिथे लाकडाला उघडेच राहू द्यावे.

रंग बसला म्हणजे काम अर्धे झाले, कारण यांपैकी कोणताही रंग पाणी, हाताचा घाम किंवा घासणी यांच्यापासून लाकडाला वाचवत नाही. ते काम तेल, लाख आणि मेणाचे. तेलांबद्दल मोठा गैरसमज असा की कुठलेही गोडे तेल चालते. शेंगदाण्याचे, एरंडीचे, करंजाचे किंवा मोहाच्या टोळीचे (बियांचे) तेल लाकडावर कधीच वाळत नाही. ते चिकट राहते, धूळ धरते आणि खाद्यतेल असेल तर खवट होते. जवसाचे तेल वाळते. खरे तर ते पाण्याप्रमाणे उडून जात नाही. त्याच्यात निम्म्याहून अधिक असलेले अल्फा-लिनोलेनिक आम्ल हवेतला प्राणवायू घेते आणि तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांचे घट्ट जाळे बनते. महाराष्ट्रात जवस मुख्यतः विदर्भातच पिकतो, तेव्हा घाण्याचे ताजे तेल आणून, गाद खाली बसू देऊन वरचे निवळ वापरावे. ज्याला लाकूड फिकटच ठेवायचे आहे त्याने हे लक्षात घ्यावे की जवसाचे तेल काळाबरोबर पिवळे पडते. करडईचे तेल त्याहून हळू वाळते, पण पिवळेही कमी पडते.

तेलाचा हात पातळ द्यावा. लावून वीस मिनिटांनी जे आत शिरले नसेल ते कोरड्या फडक्याने अगदी निपटून पुसावे, नाहीतर वर चिकट साय धरते. दुसरा हात पहिला बोटाला कोरडा लागल्यावरच. कच्च्या तेलाला यासाठी कित्येक दिवस लागू शकतात आणि ते पूर्ण घट्ट व्हायला काही आठवडे जातात. हार्डवेअरच्या दुकानातले 'बॉइल्ड' तेल लवकर वाळते ते त्यात मिसळलेल्या धातूंच्या क्षारांमुळे; म्हणून लहान मुलांच्या खेळण्याला आणि पोळपाटाला ते नको. चुलीवर तेल तापवत बसण्याचा धोका पत्करावा इतका त्यात फायदा नाही. त्यापेक्षा पसरट थाळीत तेल ओतून, वर काच ठेवून, हवा खेळेल एवढी फट राखून ते आपल्या वैशाखाच्या उन्हात ठेवावे. काही आठवड्यांत ते मधाइतके दाट होते आणि पुढे लवकर वाळते. चित्रकारांची ही जुनी पद्धत आहे आणि त्यासाठी लागणारे ऊन विदर्भात कमी नाही.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. जवसाच्या तेलाने भिजलेला फडका चुरगाळून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेटू शकतो. तेल वाळताना उष्णता निघते; फडका पसरलेला असेल तर ती उडून जाते, बोळा झालेला असेल तर आत साठत जाते, आणि भर उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये, जवळ पऱ्हाटीचा ढीग किंवा कापूस असेल तर पुढे काय होईल ते सांगायला नको. फडका कुंपणाच्या तारेवर एकेरी पसरून वाळवावा किंवा पाण्यात बुडवून ठेवावा. रंगकामातली ही एकच गोष्ट विसरून चालत नाही.

चकाकी हवी असेल तर लाख. पळस, बोर आणि कुसुमाच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे जी राळ स्रवतात, ती काड्यांवरून खरवडून, धुऊन, वितळवून तिचा चपडा करतात. पळस-बोरीवरच्या किड्यांना रंगीनी आणि कुसुमावरच्यांना कुसमी म्हणतात. कुसमी लाख फिकट असल्याने मेपल, हळदू अशा लाकडांना ती जास्त योग्य. या राळेच्या अभ्यासासाठी रांचीला 1924 साली संस्था स्थापन झाली होती, यावरून तिचे मोल ध्यानात यावे. औषधांच्या गोळ्यांवर आणि मिठायांवर शुद्ध लाखेचा थर देतात, त्यामुळे स्पिरिट पूर्ण उडून गेल्यावर तान्ह्या पोळ्याच्या बैलाला लाखेइतके निर्धोक पॉलिश दुसरे क्वचितच असेल. शंभर ग्रॅम चपडा अर्धा लिटर स्पिरिटात रात्रभर भिजवावा, तोही काचेच्या बरणीत, कारण लोखंडी डब्यात लाख काळवंडते. पॉलिशच्या स्पिरिटात विषारी मिथेनॉल मिसळलेले असते, म्हणून दारे उघडी ठेवून, विस्तवापासून दूर काम करावे आणि बरणीवर नाव लिहून ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. भिजवलेला चपडा सहा महिन्यांहून जुना झाला तर वाळत नाही, चिकट राहतो.

लावण्यासाठी धुतलेल्या मऊ सुती कापडात कापसाचा बोळा बांधून तो चपड्यात ओला करावा, पिळावा आणि न थांबता रेषेच्या दिशेने फिरवावा. बोळा मध्येच थांबला तर खालचा थर विरघळून तिथे ओरखडा पडतो. असे पुष्कळ पातळ हात, मधे थोडे वाळू देऊन. पावसाळ्यात मात्र हवेतली ओल थरात अडकून लाख पांढुरकी पडते, आणि पोळा नेमका त्याच दिवसांत येतो. तेव्हा बैलाचे पॉलिश मृगाच्या आत उरकून ठेवावे, ऐनवेळी फक्त झूल आणि चाके चढवावीत.

पोळपाट, लाटणे, काठवट यांना रंग देऊच नये. औषधांच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन चार भाग आणि मधमाश्यांचे मेण एक भाग घेऊन, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे. मेण सुमारे 63 अंशांना वितळते, त्याला थेट आच लागत नाही. हा लेप खवट होत नाही, धुण्याने निघतो आणि पुन्हा लावता येतो. वाळवीला मात्र यांपैकी काहीच अडवत नाही, ना तेल, ना लाख, ना हिरडा.

लाखेच्या पाटावर गरम चहाचा पेला ठेवला की पांढरे वर्तुळ उमटते. ते स्पिरिटाने जेमतेम ओला केलेला बोळा हलकेच फिरवला तर बहुधा जाते, कारण नवे स्पिरिट जुना थर विरघळवून त्याला पुन्हा एकजीव करते. त्याच कारणाने जुन्या पॉलिशवर नवा हात देताना खालचा थर खरवडावा लागत नाही. फक्त वर मेण लावलेले असेल तर ते आधी टर्पेंटाइनने पुसून काढावे, नाहीतर नवी लाख धरत नाही. तेल दिलेल्या वस्तूला वर्षातून एकदा, शक्यतो दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत, एक पातळ हात पुरतो.